म्हसावदचे ऊन, मिनाचे ऊन

म्हसावदच्या माणसाला उन्हाविषयी चार शब्द सांगायला जाणे म्हणजे कोकणातल्या माणसाला पाऊस समजावून सांगण्यासारखे आहे. सातपुड्याच्या पायथ्याजवळचे, शहादा तालुक्यातले हे गाव. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला. आमच्या लहानपणी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे. वैशाखात अकरा वाजले की गावातले रस्ते असे ओस पडतात की परक्या माणसाला वाटावे, गाव उठून कोठेतरी निघून गेले! कुत्रीसुद्धा उभ्या एस.टी.च्या सावलीला जाऊन पडतात आणि गाडी सुटली म्हणजे रागाने तिच्याकडे पाहत राहतात.

२०२४ च्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. माझे वडील म्हसावदच्या शाळेत मास्तर होते. पुण्यात तीस वर्षे डॉक्टरकी करून माझे केस पिकले, तरी गावात पाऊल टाकले की मी पुन्हा ‘मास्तरांचा मुलगा’ होतो. लग्न आटोपून संध्याकाळी चाचांच्या घरी चहाला गेलो. चाचांचे वय एकाहत्तर. कापूस आणि पपई यांची शेती, अंगकाठी सडपातळ पण चिवट. सारे गाव त्यांना चाचाच म्हणते, तेव्हा येथेही तेच नाव पुरे. पाहतो तो ओसरीवर दोन मोठ्या बॅगा आणि त्यांच्या शेजारी सुतळीने करकचून बांधलेली एक गोधडी!

“हजला चाललो, डॉक्टर,” चाचा म्हणाले. “चाची पण बरोबर आहे. नंबर लागला.”

मला आनंद झाला. मुसलमान कुटुंबात हजला किती मोठे स्थान आहे हे आपल्याकडच्या वाचकांना वारीवरून कल्पिता येईल. फरक एवढाच, की वारी दरवर्षी घडू शकते आणि हज ऐपत व प्रकृती असेल त्याने आयुष्यात एकदा करायची असते. त्यामुळे पुष्कळ लोक मुलींची लग्ने झाली, कर्ज फिटले, म्हणजे मग निघतात. तोपर्यंत साठी उलटलेली असते आणि रक्तदाब, मधुमेह ही मंडळीही बिनतिकिटाची बरोबर निघतात.

दोघांची तयारी मोठी जय्यत होती. शिकवणीच्या शिबिराला जाऊन आले होते. मेंदूज्वराची लस टोचून घेतली होती आणि पोलिओचे थेंबही घेतले होते. “सत्तर वर्षांच्या माणसाला तोंड उघडायला लावून थेंब घातले!” हे सांगताना चाचांना हसू आवरेना. मी विचारले, “आणि उन्हाचे काय?”

“ऊन आम्हाला कोण शिकवणार?” चाचा म्हणाले. “आम्ही उन्हातच जन्मलो.”

हेच उत्तर मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की ते ऐकले म्हणजे मला जरा धास्तीच वाटते. खानदेशचा माणूस ऊन जाणतो हे खरे. पण तो काय जाणतो? तो उन्हापासून बाजूला कसे व्हावे हे जाणतो. पहाटे शेतावर जायचे, दहा-साडेदहाला परतायचे, दुपारी लिंबाखाली पाठ टेकायची, चार-साडेचारनंतर पुन्हा बाहेर पडायचे. डोक्याला टॉवेल किंवा रुमाल गुंडाळायचा. कैरीचे पन्हे प्यायचे, ताक प्यायचे. पन्ह्यात मीठ असते, गूळ असतो, पाणी असते, म्हणजे डॉक्टर ज्याला जीवनरक्षक पाणी म्हणतात त्याचीच ती घरगुती बहीण. (खिशात कांदा ठेवण्याचा मात्र काही उपयोग नाही. तो कांदा खाल्ला तर निदान जेवण तरी होते.) ही सगळी विद्या दुपार टाळण्याची आहे. आणि हजमध्ये नेमकी दुपारच टाळता येत नाही.

ते कसे, हे थोडे सांगितले पाहिजे. जिल्हज महिन्याच्या आठव्या दिवशी यात्रेकरू मक्केजवळच्या मिना येथील तंबूंत येतात. नवव्या दिवशी अरफातच्या मैदानावर जातात. दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत तेथे थांबणे हा हजचा प्राण होय. रात्र मुजदलिफाच्या उघड्या रानात काढायची आणि तेथे खडे वेचायचे. दहाव्या दिवशी मिनाला परत येऊन सैतानाच्या प्रतीकावर सात खडे मारायचे, आणि पुढचे दोन दिवस तीन ठिकाणी मिळून रोज एकवीस. याशिवाय मक्केला जाऊन काबागृहाला सात प्रदक्षिणा. गाड्या आहेत, २०१० पासून रेल्वेही आहे. तरी पायपीट चुकत नाही. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते, तीही लाखोंच्या गर्दीत. पुरुषांच्या अंगावर दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रे आणि मस्तक उघडे. खानदेशी माणसाचा टॉवेल तेथे डोक्यावर चालत नाही.

“आणि ही गोधडी कशाला?” मी विचारले.

चाचांचे वडील १९७२ साली मुंबईहून बोटीने हजला गेले होते. मोगल लाइन कंपनीच्या बोटी तेव्हा मुंबई ते जेद्दा अशा जात. प्रवासाला आठवडा-दहा दिवस लागत. (समुद्रमार्गाची ही यात्रा १९९५ साली बंद पडली.) वडील परत आले ते मुजदलिफाच्या थंडीच्या गोष्टी घेऊन. उघड्या माळावर रात्री दात कसे वाजत होते, बरोबर नेलेल्या गोधडीत तिघे कसे झोपले, हे चाचांनी जन्मभर ऐकले होते. तीच ही गोधडी.

आता यातली मौज पाहा. १९७२ साली हज जानेवारीत आली होती. आपले पंचांगही चंद्रावर चालते, पण आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून सूर्याशी जमवून घेतो. म्हणून आषाढीची वारी कायम पावसातच निघते. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि हज दरवर्षी तितकी मागे सरकत सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००५ साली ती पुन्हा जानेवारीत होती. २०२४ साली ती येणार होती जूनच्या मध्यावर. बापाने सांगितलेली थंडी खरी होती, पण ती थंडी मुलाच्या वाट्याची नव्हती.

मी हे समजावले. चाचांनी मान डोलावली आणि गोधडी बॅगेवरच राहू दिली.

चाचांच्या या वाटेला फार जुना इतिहास आहे. म्हसावदच्या दक्षिणेला तापी वाहते. प्रकाशे, सारंगखेडे यांच्या काठाने ती जी पश्चिमेला जाते ती सुरतेला समुद्राला मिळते. मोगलांच्या काळी बुऱ्हाणपुराहून नंदुरबारवरून सुरतेला व्यापारी रस्ता जाई, आणि सुरतेला ‘बाब-उल-मक्का’ म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम सोळाव्या शतकात सुरतेहूनच हजच्या गलबतावर चढली. पुढे हा मान मुंबईला आला. त्या काळी यात्रेकरूचा वैरी ऊन नव्हे, रोग होता. १८६५ साली हेजाजमध्ये पटकी फुटली आणि सुमारे नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजार माणसे दगावली असे सांगतात. साथ युरोपात पोचली, तेव्हा तेथील सरकारे जागी झाली आणि १८६६ साली इस्तंबूलला परिषद भरली. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंच्या बोटी अडवून माणसांना वेगळे ठेवण्याची पद्धत पुढे सुरू झाली. रोगांना लसी निघाल्या, नळाचे पाणी आले, पटकी मागे पडली. उन्हाला मात्र लस नाही.

१९८५ साली हज ऑगस्टमध्ये आली. थोड्या दिवसांत उष्माघाताचे दोन हजारांवर रोगी झाले आणि हजारावर माणसे मेली. त्याआधीच, १९८० च्या सुमारास, मुस्तफा खोगली आणि वाइनर या दोन शास्त्रज्ञांनी या रोग्यांसाठी एक खास खाट तयार केली होती. तिला मक्केचेच नाव आहे. रोग्याला जाळीवर निजवायचे, अंगावर गार पाण्याचे अगदी बारीक तुषार सोडायचे आणि वरून वारा घालायचा, तो मात्र गरम! वाचकांना आश्चर्य वाटेल. मलाही विद्यार्थिदशेत वाटले होते. पण कातडी एकदम गारठली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. कातडी कोमट ठेवून तिच्यावरचे पाणी उडवत राहिले म्हणजे उष्णता झपाट्याने बाहेर पडते. आपल्या माठाचे शास्त्र ते हेच. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते. माणूस घामाने पाझरतो म्हणून सदतीस अंशांवर राहतो.

आणि घाम थांबला की? हवा कातडीपेक्षा अधिक तापली, म्हणजे साधारण पस्तीस अंशांच्या वर गेली, की ती शरीराला थंड करत नाही, उलट तापवते. मग घामावाचून दुसरा आधार नाही. चालणाऱ्या माणसाचा तासाला लीटरभर घाम सहज जातो. तितके पाणी आत गेले नाही तर आधी पाय वळतात, डोके दुखते, मळमळते, घेरी येते. येथवर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी एवढ्याने माणूस सावरतो. यापुढची पायरी वाईट. अंगातली उष्णता चाळिसाच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो. तो उष्माघात. त्याला तापाची गोळी लागू पडत नाही, कारण हा ताप नव्हेच. बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतत बसणेही धोक्याचे. ते श्वासनळीत जाते. त्याला आधी सावलीत घ्यायचे, कपडे भिजवायचे, वारा घालायचा, आणि तो चालू असतानाच दवाखान्याची गाडी बोलवायची.

हे फक्त अरबस्तानात घडते असे कोणी समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखो श्रद्धाळू माणसे सकाळपासून उन्हात बसली होती. पारा अडतिसाच्या आसपासच होता, खानदेशात त्याला कोणी ऊनही म्हणणार नाही. पण हवा दमट होती, डोक्यावर मांडव नव्हता. चौदा माणसे गेली. श्रद्धेने बसलेला माणूस मधेच उठत नाही, आणि पाणी मागायला त्याला संकोच वाटतो. उन्हाला एवढी सवड पुरते.

त्या संध्याकाळी मी चाचांना तासभर बोललो. छत्री घ्या म्हणालो. “छत्री घेऊन कोणी इबादत करतो का?” असे ते म्हणाले. मी म्हणालो, डोक्याला चिकटून बसेल असे काही पुरुषाने घालायचे नाही, छत्रीला मनाई नाही. तुमच्या शिबिरातल्या मौलानांना विचारा. त्यांनी माझ्यासमोरच फोन करून विचारले आणि उत्तर ऐकून जरासे हिरमुसले. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहा. पुड्या संपल्या तर लीटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमचा, सपाट. लघवी पिवळीधमक दिसली की समजा, पाणी कमी पडते आहे. अकरा ते चार या वेळात तंबू सोडू नका. खोलीत सारा दिवस गार हवेच्या यंत्राखाली बसू नका; उन्हाची सवय व्हायला शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ थोडे चाला. चाचीची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती. तिच्या शहाद्याच्या डॉक्टरांशी मी तेथूनच बोललो आणि त्यांनी ती बदलून दिली.

एवढे सारे झाले, आणि मी स्वतःवर खूष होऊन उठलो. माझी चूक मला नंतर कळली. तासभर मी बोललो तो सारा चाचांशी. चाची आतबाहेर करत होती, चहा आणत होती, आणि मी तिला एक प्रश्न विचारला नाही.

जूनमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या. १७ जूनला मक्केच्या मोठ्या मशिदीपाशी पारा ५१.८ अंशांवर गेला. २१ तारखेला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने भारतातले ९८ यात्रेकरू दगावल्याचे सांगितले. अर्थात सारे उन्हाने गेले असे नव्हे. पावणेदोन लाख माणसे गेली होती, त्यांत वृद्ध आणि जुने आजारी पुष्कळ होते. आदल्या वर्षी हा आकडा १८७ होता. २३ तारखेला सौदी सरकारने एकंदर मृतांचा आकडा जाहीर केला: १,३०१. त्यांतले शंभरात त्र्याऐंशी परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना ना तंबू, ना गाडी. उन्हातान्हात मैलोगणती चालणे तेवढे होते. ऊन सगळ्यांवर सारखेच पडले. सावली परवान्याप्रमाणे मिळाली. जे गरीब लोक दलालाच्या शब्दावर स्वस्तात निघाले होते, त्यांची कीव येते.

चाचांचा फोन लागत नव्हता. आठवड्याने मुलाकडून कळले, दोघे सुखरूप आहेत. चाची दोन दिवस इस्पितळात होती.

त्या वर्षी दिवाळीत मी म्हसावदला मुद्दाम गेलो. चाचीने सारी हकिकत सांगितली, मधून मधून चाचा तिला दुरुस्त करत होते. अरफातचा दिवस तंबूत बरा गेला. पण आदल्या दिवसापासून चाचीने पाणी जवळजवळ सोडले होते. कारण काय? मोऱ्यांपुढच्या रांगा! तंबूतल्या शेकडो बायकांना मोजक्या मोऱ्या. अर्धा-पाऊण तास उभे राहावे लागे. “भैया, रांगेत उभी राहू, की नमाज पढू?” ती म्हणाली. “म्हटले, पाणीच नको.” चाचा अधूनमधून बाटली पुढे करत, ती ओठ ओले करून परत देई. बायकांना हा हिशेब नवा नाही. आपल्याकडे लांबच्या एस.टी. प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, हे मी लहानपणापासून घरातच पाहिले आहे. आणि तरी मला तो प्रश्न सुचला नाही.

दहाव्या दिवशी, म्हणजे १६ जूनला, तिने आपले सात खडे स्वतः मारले. परत येताना ती एकाएकी थांबली आणि चाचांना म्हणाली, “चला लवकर, शहाद्याची एस.टी. चुकेल.” चाचांना वाटले, थट्टा करते आहे. ते हसलेसुद्धा. पुन्हा ती म्हणाली, “गाडी हालली पाहा,” आणि त्यांचा हात झिडकारून भलत्याच दिशेला चालू लागली. तेव्हा चाचांच्या मनात लख्ख पडले: बरळणे. त्यांनी तिला पुलाच्या सावलीत बसवले आणि बाटलीतले पाणी तिच्या अंगावर ओतले. कोण्या दूरदेशीच्या दोन तरुणांनी, भाषेचा एक शब्द कळत नसताना, आपल्या बाटल्याही रिकाम्या केल्या. वारा घालायला काही नव्हते. मग चाचांनी ती छत्री अर्धी मिटवली आणि तिनेच वारा घालत राहिले, गाडी येईपर्यंत.

इस्पितळाचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. आणले तेव्हाचे तापमान ४०.६ लिहिले होते. गाडीपर्यंतचा तो अर्धा तास चाचा नुसते रडत बसते तर पुढे काय झाले असते, हे मी त्यांना सांगितले नाही.

“पण भैया,” चाची म्हणाली, “बेचाळीस खडे मी मारले नाहीत.”

अकराव्या आणि बाराव्या दिवसाचे तिचे खडे चाचांनी मारले, आधी आपले, मग तिचे. आजाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने खडे मारावेत याला धर्मात पुरती मुभा आहे. त्या दिवसांत तिकडच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच अकरा ते चार खडे मारायला जाऊ नका असे बजावले होते. प्रदक्षिणा दुसऱ्याने घालून चालत नाही. ती तिने बरे वाटल्यावर चाकाच्या खुर्चीतून पुरी केली. मौलानांनी तिला सांगितले, तुझी हज पुरी झाली, शंका धरू नकोस. तिला ते पटले होते. तरी बेचाळीस हा आकडा तिच्या तोंडी दोनदा आला. जन्मभर पैसा पैसा साठवून गेलेल्या बाईला ‘मुभा’ या शब्दाने किती समाधान होते, हे मी पुरुषाने आणि परधर्मीयाने काय सांगावे? निघण्यापूर्वीच तिला कोणी म्हटले असते, की आजारी पडलीस तर ही सोय आहे, ती कमीपणाची नाही, आणि रांगेत घालवलेला वेळ वाया जात नाही, तर कदाचित ती पाणी प्यायली असती. शिबिरात विधी शिकवतात, आता ऊनही शिकवतात. बायकांना वेगळे बसवून मोरीची गोष्ट उघडपणे बोलणारी एखादी अनुभवी हाजन तेथे हवी असे मला वाटते.

सौदी सरकार काही करत नाही असे नाही. रस्त्यांवर पांढरट लेप देऊन ते कमी तापतील असे केले आहे, खांबांवरून तुषार उडतात, झाडे लावली आहेत. २०२५ साली सावलीच्या जागा आणखी वाढवल्या आणि त्या वर्षी तसा हाहाकार झाला नाही. चाळीस वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्यांनी असा हिशेब काढला आहे, की तेथील तापमान दर दशकाला वाढत असूनही अशा उपायांनी उष्माघाताचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने उतरले. शिवाय पंचांगही मदतीला येत आहे. २०२६ ची हज मे अखेरीला, आणि तेथून ती वसंताकडे, मग थंडीकडे सरकत जाणार. भर उन्हाळ्यात ती पुन्हा यायला २०५० साल उजाडावे लागेल, असे तिकडच्या हवामानखात्याने सांगितले आहे. पण मक्केचा मे महिना आपल्या मे महिन्यासारखाच असतो, हे पुढची काही वर्षे जाणाऱ्यांनी विसरू नये.

उठताना चाचीने छोट्या पेल्यात जमजमचे पाणी दिले आणि उभ्याने प्यायला सांगितले. मी प्यायलो. तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. बोलता बोलता तिने तो दोनदा रिकामा केला हे मी पाहिले, ती पाहते आहे हेही मला कळले.

मुक्काम तेथेच होता. कार्तिकात सातपुड्याकडून रात्री गार वारा सुटतो. चाचांनी पांघरायला गोधडी आणून दिली. सुतळीची गाठ मिनाहून जशी आली तशीच होती. ती सोडायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला.